गेममध्ये माउस मधेच अडकतो? आधी तो जोडलाय कसा ते बघा

आमच्या घरी हा त्रास जवळजवळ तीन आठवडे चालला. धाकटा भाऊ रात्री जेवण झालं की शूटर गेम खेळायला बसायचा. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत. दहा वाजून गेले की आतल्या खोलीतून हाक यायची, "ताई, ये बघ, परत सुरू झालं!" जाऊन बघावं तर क्रॉसहेअर (नेम धरायची पडद्यावरची खूण) समोरच्या खेळाडूकडे सरकता सरकता मधेच थबकायचं आणि मग एकदम पलीकडे उडी मारायचं. हात सलग फिरतोय, पडद्यावर मात्र सगळं तुटक. तेवढ्यात समोरच्याने डाव साधलेला असायचा.

माउस वायरलेस, डोंगलवर (माउसचा सिग्नल पकडणारा, यूएसबी पोर्टला लावायचा छोटा तुकडा) चालणारा, घेऊन दोनच महिने झालेले. आम्ही पॅड बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, गेमची ग्राफिक्स सेटिंग्ज खाली आणली, माउस रात्रभर चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तपासायला बसले की माउस अगदी शहाण्यासारखा चालायचा. रात्री दहानंतर पुन्हा तेच. कारण अखेर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, डोंगलच्या अगदी शेजारी सापडलं. ते पुढे सांगतेच. पण तिथवर पोचायला जी तपासणी केली ती आधी सांगते. हा त्रास अनेकांना होतो आणि बहुतेक जण कारण न शोधताच दुसरा माउस घेऊन मोकळे होतात. नवा माउस त्याच जागी, त्याच पोर्टला लागतो आणि तोही अडकायला लागतो.

आधी दोष माउसचाच आहे ना?

"लॅग" हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतो. नेट अडकलं तर शत्रू जागच्या जागी उड्या मारतात, गोळी लागलेली दिसते पण मोजली जात नाही, कधी आपणच दोन पावलं मागे ओढले जातो. पण अशा वेळीही तुमची नजर, म्हणजे गेममधला कॅमेरा, डावीकडे-उजवीकडे गुळगुळीत फिरत राहतो. नजर फिरवण्याचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, त्यासाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. कॉम्प्युटरला गेम झेपत नसेल तर एफपीएसचा, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं तयार करतो त्याचा, आकडा पडतो आणि सगळंच एकदम अडखळतं: नजर, धूर, कीबोर्डवरून चालणं, सगळं. माउसचा दोष याहून वेगळा दिसतो. एफपीएस स्थिर, चालणं सलग, फक्त नजर तेवढी अडकते.

म्हणून गेममध्ये एखाद्या मोकळ्या जागी उभे राहा. कीबोर्डने डावीकडून उजवीकडे चालत राहा आणि त्याच वेळी माउस सावकाश, न थांबता फिरवा. चालणं सलग राहून नजर अडकली तर माउसकडून कॉम्प्युटरपर्यंत येणाऱ्या वाटेत काहीतरी गडबड आहे. उलट माउस अडकत नाही, पण सतत जड वाटतो, जणू चिखलातून फिरतोय, तर आधी व्ही-सिंक (गेमची चित्रं मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा. तो उशीर बरेचदा तिथून येतो आणि माउसच्या जोडणीशी त्याचा काही संबंध नसतो.

पेंटमधलं वर्तुळ

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात दोष डोळ्यांना दिसतो. पेंट किंवा चित्र काढायचं कुठलंही साधं सॉफ्टवेअर उघडा, बारीक ब्रश घ्या, बटण दाबून धरा आणि जमेल तितक्या वेगाने गोल गोल फिरवा. सेकंदाला तीन-चार फेऱ्या तरी व्हायला हव्यात. दहा-पंधरा सेकंद असं गिरवल्यावर थांबून रेषांकडे नीट बघा.

वेगात काढलेलं वर्तुळ खरं तर बिंदू-बिंदू जोडून तयार होतं. माउस जेव्हा जेव्हा बातमी देतो, "मी इथवर आलो", तिथे एक बिंदू पडतो आणि दोन बिंदूंमध्ये सॉफ्टवेअर सरळ रेष ओढतं. सगळी वर्तुळं सारखीच किंचित कोनदार दिसली, म्हणजे कडा एकसारख्या लहान-लहान तुकड्यांच्या असल्या, तर माउस नियमित बोलतोय, फक्त कमी वेळा बोलतोय. पण बाकीचं वर्तुळ गोल आणि मधेच एका ठिकाणी लांबलचक सरळ रेष, जणू सफरचंदाची फोड कापून काढावी तशी, असं दिसलं तर तेवढ्या वेळात माउसचं काहीच ऐकू आलेलं नाही. सेकंदाला चार फेऱ्या म्हणजे एका फेरीला २५० मिलिसेकंद. माउस ५० मिलिसेकंद गप्प राहिला तरी वर्तुळाचा पाचवा भाग, म्हणजे ७२ अंशांचा कंस, गायब होऊन तिथे सरळ रेष येते. भावाच्या कॉम्प्युटरवर रात्री साडेदहाला काढलेल्या वर्तुळांत अशा फोडी प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत होत्या. दुपारच्या चित्रात एकही नव्हती.

एक लक्षात ठेवा: पेंट प्रत्येक बातमी टिपत नाही, त्यामुळे माउस सेकंदाला नेमका किती वेळा बोलतो हे त्यावरून मोजू नका. त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी पोलिंग रेट तपासायची पानं आहेत. तिथेही माउस सतत आणि वेगाने फिरवत राहावं लागतं, कारण स्थिर माउस पाठवायला काही नसेल तर काहीच पाठवत नाही आणि आकडा उगाच खाली दिसतो. पेंट वापरायचं ते फक्त भोकं शोधायला.

हे चित्र जपून ठेवा. पुढे एकेक गोष्ट बदलाल तेव्हा प्रत्येक बदलानंतर पुन्हा वर्तुळं काढायची आणि शेजारी ठेवून बघायची. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या औषधाने गुण आला ते कळत नाही.

आकडे काय सांगतात आणि काय लपवतात

यूएसबीमध्ये माउस आपण होऊन बोलत नाही. कॉम्प्युटर ठरावीक वेळाने त्याला विचारतो, "काही नवीन?" आणि तेव्हाच तो उत्तर देतो. यालाच पोलिंग म्हणतात. साध्या ऑफिसच्या माउसला सेकंदाला १२५ वेळा विचारलं जातं, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगच्या माउसला सहसा १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. अलीकडच्या काही माउसना ४००० किंवा ८००० वेळा. (जुना गोल पीएस/२ पोर्ट उलट रीतीचा होता. तिथे माउस स्वतःच कॉम्प्युटरला हाक मारायचा, पण सेकंदाला फार तर २०० वेळा.)

या आकड्यांवरून लोक लगेच प्रतिक्रियेच्या वेगावर येतात: ८ मिलिसेकंद विरुद्ध १ मिलिसेकंद. मला हा वाद अर्धवट वाटतो. हाताला खटकतो तो बातम्यांचा असमानपणा. सरासरी उशिराची हाताला सवय होते, असमानपणाची होत नाही.

हिशोब करून बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रं दाखवतो, एका चित्राला साधारण ६.९ मिलिसेकंद. माउस सेकंदाला १२५ वेळाच बोलत असेल तर दर सेकंदाला निदान १९ चित्रांच्या वाट्याला नवी बातमी येतच नाही. त्या चित्रांत नजर जागीच थांबते आणि पुढच्या चित्रात सरकते. एफपीएसचा आकडा १४४ वर ठाम, तरीही फिरताना बारीक थरथर. माउस १००० वेळा बोलला तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सहा किंवा सात बातम्या येतात आणि एखादी इकडची तिकडे झाली तरी डोळ्याला कळत नाही. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२५ वेळा बोलणाऱ्या माउसच्याही दोन-दोन बातम्या त्यात बसतात. म्हणूनच जुन्या मॉनिटरवर कधी न जाणवलेला माउस नव्या, वेगवान मॉनिटरवर एकाएकी खडबडीत वाटू लागतो. माउस बिघडलेला नसतो, पडदा जास्त तपशील दाखवू लागलेला असतो.

तेव्हा पोलिंग रेट बघाच. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये तो १००० वर आहे ना, ते तपासा. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये तो गुपचूप १२५ किंवा ५०० वर उतरवलेला असू शकतो, आणि काही माउसच्या पोटाशी प्रोफाइल बदलायचं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं.

ब्लूटूथवर खेळताय का? मग पुढचं सगळं थांबवा

वायरलेस म्हणजे सगळं एकच, असा समज फार पसरलेला आहे. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही बिनतारी आहेत, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच बोलतात, पण गेमच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये माउस आणि कॉम्प्युटर ठरलेल्या अंतराने एकमेकांना भेटतात. या दोन भेटींमधलं अंतर सहसा ७.५ मिलिसेकंदांपेक्षा कमी करता येत नाही. म्हणजे सगळं उत्तम जुळलं तरी सेकंदाला फार तर १३३ भेटी. वर बॅटरी टिकावी म्हणून अनेक माउस याहून मोठं अंतर मागतात आणि कॉम्प्युटर ते मान्य करतो. एखादी भेट हुकली तर पुढच्या भेटीपर्यंत गप्प बसायचं. पत्ते, बुद्धिबळ, शहर वसवायचे खेळ यांना हे चालतं. शूटरला चालत नाही.

लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. तिथे वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात, अँटेनाही वाटून घेतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि गेम चालू असताना मागे एखादं मोठं अपडेट उतरत असेल, तर दोघं आळीपाळीने बोलतात आणि माउसची पाळी मागे पडते. लक्षण ओळखीचं आहे: डाउनलोड सुरू झालं की माउस गचके खातो, थांबलं की सुरळीत. तात्पुरता उपाय म्हणजे वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर न्या किंवा नेटची केबल लावा. खरा उपाय म्हणजे ब्लूटूथ सोडून डोंगल लावा.

आणि इथे एक चूक मी इतक्यांदा बघितली आहे की ती ठळकपणे सांगायलाच हवी. आजकालचे बरेच माउस तिन्ही मार्गांनी चालतात: केबल, डोंगल आणि ब्लूटूथ. खाली पोटाशी एक छोटी सरकती कळ असते. डोंगल कॉम्प्युटरला लावलेला असतो, पण कळ ब्लूटूथवर राहिलेली असते. माउस कधीतरी ब्लूटूथने त्याच कॉम्प्युटरशी जोडलेला असतो, म्हणून तो चालतोही, आणि माणूस समजतो की आपण डोंगलवरच खेळतोय. खात्री करायची सोपी रीत: डोंगल उपसून काढा. तरीही पॉइंटर हलत राहिला, तर इतके दिवस तुम्ही ब्लूटूथवर होतात.

डोंगलची जागा

आता आमच्या गोष्टीकडे. कळ डोंगलवरच होती, पोलिंग १००० वर होतं, चार्जिंग पूर्ण. तरी वर्तुळात फोडी. त्या रात्री मी भावाला म्हटलं, "तू वर्तुळं काढत राहा, मी मागे काय काय लावलंय ते बघते." कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं तर डोंगल निळ्या जिभेच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला होता आणि त्याला अगदी खेटून शेजारच्या पोर्टमध्ये एक बाहेरची हार्ड डिस्क. डिस्कवरचा इवलासा दिवा लुकलुकत होता. दिवा लुकलुकायला लागला की वरून आवाज यायचा, "आता अडकला." दिवा शांत झाला की, "आता नीट आहे." असं आम्ही पाच-सहा वेळा केलं. त्याला डिस्कचा दिवा दिसत नव्हता, मला पडदा दिसत नव्हता, तरी दोघांचं बोलणं तंतोतंत जुळत होतं.

रोज रात्री दहाला त्या डिस्कवर बॅकअप सुरू व्हायचा. वेळ मीच लावून दिली होती.

यामागचं कारण माहीत असलं तर उपाय आपोआप सुचतो. यूएसबी ३ ची जोडणी सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने चालते. त्या वेगाच्या विद्युत खळबळीतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो मोठ्या पट्ट्यावर पसरतो आणि नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही भरपूर असतो. माउसचा डोंगल तिथेच कान लावून बसलेला. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढतो, असं त्यात मोजून दाखवलं होतं. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशोबात शंभरपट. माउसचा आवाज तेवढाच राहतो, पण डोंगलच्या कानाशी कुणीतरी ढोल बडवायला बसतं. काही बातम्या ऐकूच येत नाहीत, माउसला त्या पुन्हा पाठवाव्या लागतात, आणि पडद्यावर थबकणं आणि उडी दिसते.

गोंगाट डिस्क, तिची केबल आणि पोर्ट या तिन्हींतून येतो, आणि जवळ असताना सगळ्यात जास्त छळतो. म्हणून अंतर हाच खरा इलाज. डोंगल थेट कॉम्प्युटरला न लावता यूएसबी २ च्या लहानशा एक्स्टेंशन केबलने पुढे आणा आणि माउस पॅडच्या कडेला, माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. गेमिंग माउसच्या खोक्यात अशी केबल किंवा छोटं स्टँड बहुतेक वेळा दिलेलं असतं. ते काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका, ते याचसाठी आहे. भावाने डोंगल पॅडजवळ आणला, बॅकअप मुद्दाम सुरू केला आणि पुन्हा वर्तुळं काढली. एकही फोड नाही.

या एका बदलाने दुसराही त्रास मिटतो. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, डोंगल त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे माउस आणि डोंगल यांच्यामध्ये पत्र्याचा अख्खा डबा, शिवाय टेबलाची फळी आणि तुमचे गुडघे. धातू हे रेडिओ लहरी अडवतं आणि माणसाच्या शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. "दहा मीटरपर्यंत चालतो" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ते मोकळ्या जागेचं असतं.

केबल लगेच मिळत नसेल तर निदान डिस्क, पेन ड्राइव्ह, कॅप्चर कार्ड असली वेगवान यूएसबी ३ ची साधनं दुसऱ्या टोकाच्या पोर्टला हलवा आणि डोंगलच्या आजूबाजूचे पोर्ट रिकामे ठेवा. कीबोर्डचा डोंगल शेजारी असला तर तेवढं बिघडत नाही, पण दोन्हींमध्ये थोडं अंतर असलेलं बरं. वायफायचा राउटर टेबलावरच असेल तर तोही दूर सारा, आणि गेमचं उपकरण ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल आणि माउस बरोबर दोन-दोन मिनिटांसाठी बिनसत असेल, तर तिकडेही बघून या.

वायर लावली म्हणजे सुटलो?

निदान करायला वायर फार उपयोगी आहे. वायरलेस माउसला चार्जिंगची केबल लावून खेळून बघा. त्रास गेला तर दोष हवेतला आहे हे पक्कं. मात्र काही माउस केबल लावल्यावरही डोंगलवरूनच बोलत राहतात आणि केबल फक्त चार्जिंग करते. म्हणून केबल लावून डोंगल काढून टाका. माउस हलला तरच परीक्षा खरी.

पण वायरचा माउसही अडकतो, आणि त्याची कारणं वेगळी. सगळ्यात आधी पोर्ट. डब्याच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून एका लांब केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती सैल बसलेली किंवा हलक्या दर्जाची असू शकते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. माउस मागे लावा, मधला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं साधन) काढून टाका. एकाच हबवर वेबकॅम, डिस्क आणि माउस लटकवले असतील तर माउसला दोष देण्याआधी त्याला एकटं खेळू द्या.

मग केबल. ती तुटते ती बहुतेक वेळा माउसच्या तोंडाशीच, जिथे ती सतत वाकते. एका हाताने वर्तुळं काढत राहा आणि दुसऱ्या हाताने केबलचा तोंडाजवळचा भाग हलकेच डावी-उजवीकडे वाकवा. वाकवताना पॉइंटर मेला, किंवा विंडोजने साधन निघाल्याचा आणि लागल्याचा आवाज केला, तर आतली तार तुटली आहे. सेटिंग बदलून ती जोडली जाणार नाही. केबल बदला किंवा बदलून घ्या.

केबलचं ओढणं हा विषय लोक हसण्यावारी नेतात, मला तो गंभीर वाटतो. टेबलाच्या कडेवर अडकलेली, पीळ बसलेली कडक केबल हाताला प्रत्येक मोठ्या झटक्यात मागे खेचते. नजर कमी फिरते आणि खेळाडू सेन्सिटिव्हिटी वाढवत बसतो. पेंटमधलं वर्तुळ इथे अगदी निर्दोष दिसेल, म्हणून हा दोष वेगळा शोधावा लागतो. केबल पॅडच्या वर उचलून धरणारा स्टँड लावा, किंवा निदान चिकटपट्टीने टेबलाला अशी बसवा की माउसजवळ तिला मोकळा झोल राहील. व्यावसायिक स्पर्धांमध्ये आज कितीतरी खेळाडू वायरलेस माउस वापरतात, त्यात हे ओढणं टळतं हे मोठं कारण आहे. चांगल्या डोंगलवर, चांगल्या जागी, १००० हर्ट्झवर चालणारा माउस वायरीपेक्षा मागे पडतो असं मी तरी म्हणणार नाही.

८००० हर्ट्झ आणि पडणारे एफपीएस

कधी उलटं होतं. माउस नवा, महाग, ८००० हर्ट्झवर लावलेला, आणि जोरात नजर फिरवली की एफपीएस पडतात. हात थांबवला की पुन्हा वर. इथे माउस कमी बोलत नाही, जास्त बोलतोय. दर ०.१२५ मिलिसेकंदाला येणारी प्रत्येक बातमी प्रोसेसरला हातातलं काम थांबवून घ्यावी लागते, आणि काही गेम त्यासाठी लिहिलेलेच नसतात. आधी १००० वर उतरवा. त्रास गेला तर २०००, मग ४००० असं चढत जा आणि जिथे पुन्हा खडबड सुरू होते त्याच्या एक पायरी खाली थांबा. वायरलेसवर जास्त पोलिंग लावलं की बॅटरीही झपाट्याने उतरते.

थांबून पुन्हा हलवताना पहिलाच झटका हरवत असेल

खेळताना सगळं ठीक, पण कोपऱ्याआड दबा धरून दहा-वीस सेकंद स्थिर बसलं आणि मग शत्रू दिसताच माउस हलवला की पहिली हालचाल गायब. ही झोपेची लक्षणं. झोप दोन जागी लागू शकते. एक माउसमध्ये: बॅटरी वाचवायला तो थोड्या वेळाने डुलकी घेतो. सॉफ्टवेअरमध्ये ही वेळ वाढवता येत असेल तर पाच-दहा मिनिटांवर न्या, आणि बॅटरी अगदी तळाला जाईपर्यंत खेळू नका. दुसरी कॉम्प्युटरमध्ये: विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं, आणि हे वायरच्या माउसलाही भोवतं. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका. रूट हब एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाची. लॅपटॉपवर हा दोष विशेषतः चार्जर काढल्यावर दिसतो, म्हणून परीक्षा बॅटरीवर चालवूनच घ्या.

हे सगळं करूनही फोडी राहिल्या तर

माउस उलटा करा आणि सेन्सरच्या भोकात उजेड पाडून बघा. एक केस अडकला तरी पॉइंटर थरथरतो आणि ते हुबेहूब खराब सिग्नलसारखं दिसतं. चकचकीत किंवा काचेच्या टेबलावर पॅडशिवाय खेळत असाल तर आधी कापडी पॅड घ्या.

त्यानंतर डोंगल आणि माउस यांची जोडी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा जुळवा, दोघांचं फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. फर्मवेअर भरताना माउस केबलला लावून ठेवा आणि मधेच काही उपसू नका.

शेवटी तोच माउस, तोच डोंगल, त्याच एक्स्टेंशन केबलवर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथे वर्तुळं काढा. तिथे गोल आली तर तुमच्या कॉम्प्युटरचे पोर्ट आणि ड्रायव्हर बघायचे. तिथेही फोडी दिसल्या तर दोन्हीकडची चित्रं सेव्ह करून वॉरंटीच्या तक्रारीला जोडा. "माउस अडकतो" एवढ्या वाक्यावर सहसा ड्रायव्हर पुन्हा टाकायचाच सल्ला मिळतो. दोन कॉम्प्युटरवरची, एकाच प्रकारे तुटलेली वर्तुळं दाखवली की तो सल्ला देऊन कुणाला तुम्हाला परत पाठवता येत नाही.